क्लासमधून किट चोरीला गेलं, तर भरपाई सरांनी द्यायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराटे, तायक्वांदो, ज्युडो, किकबॉक्सिंग किंवा मर्दानी खेळ शिकवणारे प्रशिक्षक आणि त्यांच्याकडे मुलं पाठवणारे पालक, दोघांसाठी ही उत्तरं आहेत. कायद्याचे संदर्भ भारतातले आहेत, उदाहरणं महाराष्ट्रातल्या क्लासेसमध्ये नेहमी घडणारी.

मुलाची किट बॅग क्लासमधून गेली. नवीन किट सरांनी द्यायला हवं ना?

सरसकट नाही. चोरी झाली तेव्हा वस्तू कोणाच्या ताब्यात होती, हा पहिला प्रश्न. सरांच्या ताब्यात होती असं ठरलं, तर त्यांनी ती नीट सांभाळली होती का, हा दुसरा. मुलाने नेहमीसारखी बॅग भिंतीकडेला टाकली आणि वॉर्मअपला उभा राहिला, तेवढ्यात बॅग गेली, तर सरांवर भरपाईचं बंधन नाही. सरांनी "दे इकडे, कपाटात ठेवतो" म्हणून बॅग घेतली आणि कपाट उघडं टाकून घरी गेले, तर भरपाई त्यांनीच द्यायची, तीही पालकांना चार चकरा मारायला न लावता. भांडणं होतात ती या दोन टोकांच्या मधल्या प्रसंगांत.

वस्तू सरांच्या "ताब्यात" होती, हे कशावरून ठरवायचं?

किल्ली कोणाकडे होती ते बघा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ नुसार, काही हेतूने आणि परत घेण्याच्या बोलीवर एखाद्याच्या हवाली केलेली वस्तू हा निक्षेप होतो. लेखी पावती लागत नाही, तोंडी बोलणं किंवा नुसता रोजचा रिवाजही पुरतो. म्हणजे सरांच्या परवानगीने मुलं हेड गार्ड आणि चेस्ट गार्ड क्लासच्या कपाटात ठेवून जातात, किल्ली सरांकडे असते, असं महिनोन्महिने चाललेलं असेल, तर "मी कधी जबाबदारी घेतली?" हा सवाल टिकत नाही. उलट हॉलमध्ये नुसतं उघडं रॅक आहे, ज्याचा तो ठेवतो, ज्याचा तो उचलतो, तिथे ताबा मुलाचाच राहतो.

विसरलेल्या वस्तूचं मात्र लोकांना माहीत नसतं. मूल ग्लोव्हज विसरून गेलं. सरांनी ते उचललेच नाहीत, तर बंधन नाही. उचलून आत ठेवले, की त्याच कायद्याच्या कलम ७१ नुसार ते सांभाळण्याची जबाबदारी येते. म्हणून उचललेली वस्तू कुलपात ठेवायची आणि त्याच संध्याकाळी पालकांना फोटो पाठवायचा. "उचललंच नाही तर झंझट नाही" असा धडा यातून कोणी घेऊ नये. मुलांच्या क्लासमध्ये ते शोभत नाही.

सरांनी पुरेशी काळजी घेतली होती, हे कसं ठरतं?

कलम १५१ चं माप सोपं आहे: साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत, तेवढ्याच आकाराच्या, दर्जाच्या आणि किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी. ती घेऊनही चोरी झाली, तर कलम १५२ नुसार जबाबदारी येत नाही, मात्र वेगळा करार केलेला नसला पाहिजे.

प्रत्यक्षात पुढच्या गोष्टी तपासा. क्लासचे फोकस पॅड आणि किक पॅड कुलपात आणि मुलांचं सामान बाहेर, असं होतं का? असेल तर उत्तर मिळालंच. कडी-कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसतात का? मग कुलूप कितीही भारी असलं तरी चोर त्याला हात लावत नाही, स्क्रू ड्रायव्हरने अख्खा कोयंडाच काढतो. इथे आरपार बोल्ट आणि आतून नट हवेत. किल्ल्या किती आणि कोणाकोणाकडे? सिनियर विद्यार्थ्यांकडे फिरणारी, कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नसलेली तिसरी किल्ली बऱ्याच ठिकाणी सापडते. पूर्वी एकदा चोरी झाली होती आणि तरीही काही बदललं नाही, तर "काळजी घेतली होती" म्हणणं अवघड होतं.

वस्तू हवाली केली होती हे पालकांनी दाखवायचं, काळजी घेतली होती हे सरांनी. पालकांना जुना व्हॉट्सॲप मेसेज किंवा फोटो पुरतो. सरांना कुलूप, किल्ल्या आणि वेळ सांगावी लागते.

भिंतीवर बोर्ड आहे: "सामानाची जबाबदारी ज्याची त्याची". मग प्रश्नच मिटला?

मुलाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानापुरता मिटला. सरांनी ताब्यात घेतलेल्या सामानापुरता नाही. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलमध्ये पार्किंगसाठी कर्मचाऱ्याच्या हातात दिलेली गाडी चोरीला गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की "मालकाच्या जोखमीवर" एवढं छापून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. तत्त्व कपाटालाही तेच लागू पडतं.

दुसऱ्या बाजूचा निकालही लक्षात ठेवा. रेल्वेत एका प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातले एक लाख रुपये गेले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की प्रवासी स्वतःचं सामान सांभाळू शकला नाही, तर ती रेल्वेच्या सेवेतली त्रुटी ठरत नाही. बॅग मुलाजवळ होती तेव्हा क्लासची स्थिती साधारण अशीच असते.

बोर्ड लावाच, पण खाली एक ओळ वाढवा: "कपाटात ठेवायचं सामान सरांच्या हातात द्या आणि वहीत नोंद करा." यामुळे ताबा कधी बदलला हे दिसतं.

आम्ही फी घेत नाही. मंडळाच्या तालमीत फुकट शिकवतो. तरीही?

कलम १५१ फुकट आणि पैसे घेऊन असा भेद करत नाही, सांभाळण्याचं माप तेच. फरक पडतो तो ग्राहक आयोगात. विनामूल्य सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, म्हणून तिकडे तक्रार चालत नाही. बाकी, जो वस्ताद संध्याकाळचे दोन तास फुकट देतो त्याच्याकडे मुलाच्या हातमोज्यांचे पैसे मागताना पालकांनी जरा स्वतःशी विचार करावा, एवढंच.

हॉल शाळेचा किंवा सोसायटीचा आहे. वॉचमनही त्यांचाच.

पालकांचा संबंध क्लासशी, क्लासचा संबंध हॉलच्या मालकाशी. सरांनी पालकांना "सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा" म्हणून वाटेला लावू नये. सोसायटीने कपाट आणि किल्ली स्वतःकडे ठेवून "सामान इथेच राहू द्या" असं म्हटलं असेल, तर सरांना तिच्याकडे मागता येतं. नुसता तासावर हॉल दिला असेल, तर सहसा नाही. भाडेकरारात तीन गोष्टी लिहून घ्या: रात्री हॉलच्या किल्ल्या कोणाकडे, सामान ठेवायला परवानगी आहे का, आणि सीसीटीव्हीचं चित्रण मागितल्यावर कोण देणार. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. मग चोरीनंतर चेअरमनसाहेब गावाला गेलेले असतात आणि जुन्या चित्रणावर नवं चढत जातं.

भरपाई द्यायचीच ठरली, तर किती? नवीन किटची पूर्ण किंमत?

जुन्या वस्तूची राहिलेली किंमत, हे न्याय्य. समजा चेस्ट गार्ड, हेड गार्ड आणि शिन गार्ड मिळून दोन वर्षांपूर्वी ३,००० रुपयांना घेतले आणि रोजच्या वापरात असा सेट चार वर्षं चालतो असं धरलं, तर देणं १,५०० रुपये. हा हिशेब सगळीकडे एकसारखा लावू नका.

फोमचे गार्ड घामाने आणि मारामुळे बसतात, त्यांची घट धरा. लाकडी बो (कराटेतली लांब काठी), लाठी, नानचाकू नीट ठेवले तर वर्षानुवर्षं टिकतात, त्यांची घट जवळपास शून्य. वाढत्या मुलाच्या ड्रेसचं आयुष्य कापड नाही, उंची ठरवते. १३० नंबरचा ड्रेस १४२ सेंमीच्या मुलाला आखूडच होत होता, तर त्याची पूर्ण किंमत मागणं बरोबर नाही. ग्रोइन गार्ड (जांघेचं संरक्षण) आणि माऊथ गार्डला घट लावू नका, नवीनच द्या. त्या वस्तू कोणी वापरलेल्या घेत नाही.

सेट मोजतानाही चूक होते. कुमिते, म्हणजे कराटेतली लढत, खेळणाऱ्याला स्पर्धेत कधी लाल बाजू येते, कधी निळी, म्हणून बॅगेत ग्लोव्हज, शिन गार्ड आणि बेल्ट लाल-निळे असे दुहेरी असतात. ज्युडोकाकडे पांढरा आणि निळा असे दोन जुडोगी (ज्युडोचे ड्रेस) असू शकतात. तायक्वांदोचे सेन्सरवाले मोजे डेडोचे की केपीएनपीचे ते आधी विचारा, गुण मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक प्रणाली बनवणाऱ्या या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. एका प्रणालीचे मोजे दुसरीत चालत नाहीत, आणि घाईत भलतेच मागवले की पैसे दोनदा जातात.

नवीनच वस्तू द्यायची सरांची इच्छा असेल तर उत्तम. फरकाची रक्कम पालकांनी भरली तर दोघांनाही पटतं.

किटचे पैसे आगाऊ भरले होते. माल क्लासमध्ये आला आणि वाटायच्या आधीच गेला.

हा नुकसानीचा बोजा सरांचा. मेरठ किंवा जालंधरहून वीस ड्रेसचा गठ्ठा आला, कोणता कोणाचा हे अजून ठरवलेलं नाही, पिशव्यांवर नावं नाहीत, तर तो माल पालकांचा झालेलाच नसतो. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम २६ प्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर मालकी ज्याची, जोखीम त्याची. पुन्हा मागवून द्या किंवा पैसे परत करा. "दुकानदाराला पैसे दिले, आता मी काय करू" हे पालकांना सांगायचं उत्तर नव्हे. गठ्ठा आला की दोन दिवसांत वाटून टाका, तोवर घरी न्या.

चार दिवसांनी बेल्ट परीक्षा आहे. तोवर काय?

इथे भरपाईचा वाद बाजूला ठेवायचा. चूक कोणाचीही असो, सरांनी उसनं किट द्यावं. यात कायद्याचा संबंध नाही, शिकवणाऱ्याची ती रीत आहे. तीसेक मुलांच्या क्लासने लहान, मध्यम, मोठा अशा मापांत प्रत्येकी एक जादा सेट ठेवला तर पुरतो: ग्लोव्हज, शिन गार्ड, हेड गार्ड, चेस्ट गार्ड आणि मापाचा एक ड्रेस. ड्रेस उसना देताना एक माप मोठा द्या, बाही दुमडता येते, आखूड पँट वाढवता येत नाही.

माऊथ गार्ड उसना देऊ नका. तो गरम पाण्यात मऊ करून ज्याच्या त्याच्या दातांवर बसवलेला असतो, दुसऱ्याच्या तोंडात तो धरतही नाही आणि ते स्वच्छही नाही. ग्रोइन गार्डचंही तेच.

शालेय स्पर्धेसाठी जात असाल तर उसन्या गार्डवर दुसऱ्या क्लासचा लोगो आहे का आणि रंग चालतो का, हे आदल्या दिवशी आयोजकांना विचारून घ्या. मॅटशेजारी उभं राहून विचारलं तर उत्तर सहसा "नाही" असंच येतं.

क्लासचं उसनं किट मुलाकडून चोरीला गेलं तर?

तोच नियम, फक्त बाजू उलटी. ताबा आता मुलाचा, म्हणजे पालकांचा. ट्यूशनबाहेर सायकलच्या कॅरिअरवर बॅग ठेवून मूल आत गेलं, तर पालकांनी राहिलेली किंमत द्यावी. बंद घर फोडून गेलं, तर सरांनी मागू नये.

पोलिसांत कोणी जायचं? चोरी छोटी आहे, घेतील का तक्रार?

वस्तूचा मालक किंवा ज्याच्या ताब्यातून गेली तो, कोणीही जाऊ शकतो. दोघांनी मिळून गेलेलं बरं: पालक वस्तूंची माहिती देतात, सर जागेची.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात चोरीचं कलम ३०३. वस्तूची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल तर साधी चोरी अदखलपात्र धरली जाते आणि पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. एका मुलाचा ड्रेस आणि ग्लोव्हज बहुधा याच मर्यादेत बसतात, त्यामुळे ठाण्यात "एनसी घ्या" म्हणाले तर दर वेळी ती टाळाटाळ नसते. पण एकाच रात्रीत सहा मुलांच्या बॅगा गेल्या असतील, तर सहा वेगळ्या एनसी देत बसू नका. एकच तक्रार, एकच यादी, एकूण किंमत. आणि हॉलचं कुलूप तोडून चोर आत शिरला असेल तर ती घरफोडी आहे, तिथे ५,००० ची मर्यादा आड येत नाही. तक्रारीत "कुलूप तोडलेले आढळले" हे शब्द हवेतच. तुटलेलं कुलूप फेकू नका, फोटो काढून पिशवीत ठेवा.

हद्द कोणाची यावरून परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने एफआयआर देता येतो. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. पोलिसांच्या संकेतस्थळावरची "हरवले-सापडले" नोंद म्हणजे एफआयआर नव्हे, विमा कंपनी ती बहुधा मानत नाही.

यादीत "कराटे किट १" असं लिहून काही उपयोग नाही. "निळे ग्लोव्हज, माप एम, उजव्या मनगटाच्या पट्टीवर काळ्या मार्करने इंग्रजी अक्षरे, डाव्या अंगठ्याची शिवण उसवलेली" असं लिहिलं, तर जुन्या बाजारात वस्तू दिसली तरी ओळखता येते.

क्लासमधल्याच एका मुलावर संशय आहे. बॅगा तपासू का?

नको. सगळ्यांसमोर झडती घेतली की वस्तू मिळो न मिळो, एक मूल कायमचं जातं. त्याऐवजी सांगा: "चुकून कोणाच्या बॅगेत गेलं असेल, घरी बघा, उद्या रॅकवर ठेवा, कोणी विचारणार नाही." एकाच दुकानातून घेतलेले सारखे गार्ड इतके असतात की खूप "चोऱ्या" अशाच सुटतात. दोन दिवसांत काही झालं नाही, तर त्या मुलाच्या पालकांशी बंद दाराआड बोला, आरोप न करता, पाहिलं तेवढंच सांगून. ग्रुपवर नाव किंवा सीसीटीव्हीची क्लिप टाकली तर बदनामीचं प्रकरण उलट तुमच्यावर येईल. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही, आणि अठराच्या आतल्यांसाठी बाल न्याय कायद्याची वेगळी वाट आहे. शिक्षा म्हणून शंभर बैठका काढायला लावणं हा प्रकारही बंद करा.

कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा कधीही नाही. तो चोरीपेक्षा मोठा गुन्हा होऊन बसेल.

सगळ्या पालकांकडून वर्गणी काढून नवीन किट घेतलं तर?

स्वेच्छेने असेल तर छान. सरांची चूक झाकायला असेल तर नको, आणि कोणी किती दिले हे ग्रुपवर जाहीर करू नका.

स्पर्धेला जाताना बसमधून किंवा रेल्वेतून बॅग गेली.

सरांनी सगळ्यांच्या बॅगा गोळा करून टेम्पोत चढवल्या, तर टेम्पो रिकामा होईपर्यंत ताबा त्यांचा. मोजून चढवा, मोजून उतरवा. प्रत्येकाने आपली बॅग बर्थखाली ठेवली, तर ज्याची त्याची. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १०० नुसार बुक न केलेल्या सामानासाठी रेल्वेला सहज धरता येत नाही, तिच्या कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. धावत्या गाडीत टीटीई किंवा लोहमार्ग पोलिसांकडे तक्रारीचा फॉर्म भरा, १३९ वर कळवा. साखळी ओढून उतरायची गरज नाही.

क्लासने विमा काढला तर मुलांचं सामान त्यात येतं का?

आपोआप नाही. घरफोडीच्या विम्यात बळजबरीने आत शिरल्याच्या किंवा बाहेर पडल्याच्या खुणा लागतात. उघड्या दारातून उचललेली बॅग त्यात बसत नाही, त्यासाठी साध्या चोरीचं जादा संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. "ताब्यात ठेवलेली इतरांची मालमत्ता" हे पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर फक्त क्लासची मॅट आणि पॅड मोजले जातील. दाव्यासाठी एफआयआर आणि पुढे पोलिसांचा "तपास लागला नाही" असा अंतिम अहवाल मागतात, तेव्हा नुसत्या एनसीवर विसंबू नका.

नाव विणलेला ब्लॅक बेल्ट गेला. पुन्हा परीक्षा द्यावी लागेल?

नाही. दर्जा नोंदवहीत आणि प्रमाणपत्रावर असतो, कमरेला नाही. नवीन बेल्ट विणून घ्या. प्रमाणपत्रही बॅगेत होतं, तर पोलिसांकडच्या नोंदीची प्रत जोडून संघटनेकडे दुय्यम प्रत मागा. मूळ प्रमाणपत्र किट बॅगेत घेऊन फिरणं मात्र थांबवा.

मर्दानी खेळाची तलवार किंवा दांडपट्टा चोरीला गेला तर?

भरपाईचं नंतर बघा, आधी पोलीस. धारदार पातं ९ इंचांपेक्षा लांब असेल तर ते शस्त्र नियमांच्या यादीत येतं, आणि उद्या त्या शस्त्राने काही घडलं तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या. सरावाला बोथट पाती वापरा आणि शस्त्रं तालमीत रात्रभर टांगून ठेवू नका.

काहीच तडजोड झाली नाही तर पालकांनी कुठे जायचं?

फी घेणाऱ्या क्लासविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली फी पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. सोबत लागेल: फीची पावती, वस्तू हवाली केल्याचा पुरावा, खरेदीची बिलं, एफआयआर किंवा एनसीची प्रत आणि सरांना पाठवलेलं लेखी पत्र. दीड हजाराच्या गार्डसाठी तारखा घालत बसणं कोणालाच परवडत नाही, म्हणून ते पत्र नीट लिहा. बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

प्रवेश अर्जात काय लिहावं?

एवढं पुरे:

"विद्यार्थ्याने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील. नोंदवहीत लिहून प्रशिक्षकांकडे दिलेले सामान कुलूपबंद कपाटात ठेवले जाईल. त्याबाबत प्रशिक्षकांकडून हलगर्जी झाल्यास वस्तूची वापरानंतर राहिलेली किंमत एका महिन्यात दिली जाईल. मोबाईल, दागिने व रोख रक्कम ठेवण्यास स्वीकारली जाणार नाही. विसरलेल्या वस्तू ३० दिवस ठेवल्या जातील व पालकांना कळवले जाईल."

नोंदवहीत पाच रकाने आखा: तारीख, नाव, वस्तू, दिल्याची सही, परत घेतल्याची सही. शेवटचा रकाना रोज भरला जातोय का, हे आठवड्यातून एकदा बघा.